पहिलं अक्षर उमटायला किती वेळ

पडद्यावर एक गोल फिरत होता आणि त्याखाली एकच ओळ होती: अपडेट चालू आहे, कॉम्प्युटर बंद करू नका. मोजणीदार डाव्या तळहाताने टेबल बडवत होते.

"अहो, माझ्या हातात आहे का ते?" त्यांच्या पत्नी, बाई, स्वयंपाकघरातून ओरडल्या.

अडीच वर्षांपूर्वी पक्षाघाताने मोजणीदारांची उजवी बाजू लुळी पडली आणि वाचाही गेली. जमिनी मोजण्यात हयात घालवलेला हा माणूस बांधाच्या भांडणात दोन्ही बाजूंना गप्प बसवायचा, आणि आता त्याचीच जीभ वळेना. डोकं मात्र लखलखीत होतं. डाव्या हाताच्या दोन बोटांनी ते कॉम्प्युटरवर लिहीत, तेच त्यांचं बोलणं. बाईंनी एकदा पुठ्ठ्यावर अक्षरं लिहून दिली होती. "मी बालवाडीत नाही," असं टाइप करून त्यांनी तो पुठ्ठा भिरकावून दिला होता.

त्या सकाळी तो गोल पस्तीस मिनिटं फिरला. बडवणं थांबलं तेव्हा बाईंना वाटलं, चला, राग ओसरला. हात पुसत त्या बाहेर आल्या, तेवढ्यात अपडेट संपून कॉम्प्युटर सुरू झाला. मोजणीदारांचं बोट कळांवरून घसरत होतं. कसेबसे तीन शब्द उमटले: डावा हात जातोय.

पक्षाघाताचा दुसरा झटका होता, पण हात वाचला. "थोडक्यात निभावलं," डॉक्टर म्हणाले. "अजून थोडा उशीर झाला असता तर..." उरलेलं वाक्य बाईंनी मनातच पुरं केलं. अठ्ठावीस वर्षं एक्स-रे विभागात काढली होती त्यांनी.

नणंद धावत आली. दारातच म्हणाली, "वहिनी, पस्तीस मिनिटं दादा बडवत होता आणि तुम्हाला कळलं नाही?"

रोजच बडवतात, हे सांगायला बाईंची जीभ रेटली नाही.

मोजणीदार घरी परतायच्या आदल्या दिवशी बाईंनी कॉम्प्युटर उचलला आणि कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याच्या टेबलावर ठेवला. "याच्या मनाला येईल तेव्हा नाही, मी सांगेन तेव्हा अपडेट झालं पाहिजे."

दुरुस्तीवाल्याने यंत्र उघडून पाहिलं. "मेमरी चारच जीबी. विंडोज काढून लिनक्स टाका. अपडेट आले तरी कधी करायचे ते तुम्ही ठरवायचं. पण एकच लिनक्स नसतं, बाई. नवख्यांना जमतील अशी तीन देतो. पेनड्राइव्हवरून चालवून बघा, आतल्या कशालाही धक्का लागत नाही. सगळी जरा मंद चालतील, पण कोणतं किती मंद, ते कळेल."

बाईंनी तिन्ही पेनड्राइव्हना पट्ट्या चिकटवल्या: उबुंटू, झोरिन, मिंट. मग घड्याळ लावून बसल्या. बटण दाबल्यापासून पहिलं अक्षर उमटेपर्यंत किती वेळ? प्रत्येकी तीनदा. कागदावर आकडे मांडले, पण ते मोजणीदारांना दाखवले नाहीत.

"त्याला नवं काही सोसायचं नाही," नणंद म्हणाली. "हुबेहूब जुन्यासारखं दिसतं ते झोरिन घ्या ना."

बाईंनाही ते पटलं. मोजणीदार घरी आल्यावर पहिल्यांदा झोरिनच लावलं. खालची पट्टी, कोपऱ्यातलं बटण, सगळं ओळखीचं. मोजणीदारांनी पाहिलं मात्र, आणि खुर्ची मागे रेटली. चेहरा पांढराफटक. पडद्यावरून त्यांची नजर हलेना. ते कशाची वाट बघत होते, हे बाईंना समजायला एक क्षण लागला. तो गोल. तो परत येईल म्हणून ते घाबरले होते. बाईंनी झटकन पेनड्राइव्ह उपटला.

दुसऱ्या दिवशी उबुंटू. चित्रांची पट्टी डाव्या कडेला. पक्षाघातानंतर मोजणीदारांना उजवीकडचं नीट दिसत नसे, त्यामुळे ही मांडणी त्यांना भावली. पण त्यांच्या म्हाताऱ्या यंत्राला त्याचं ओझं पेलेना. अक्षर दाबावं आणि वाट बघावी. त्यांचा तळहात टेबलावर आला. बाईंनी त्याकडे पाहिलं. बडवणार?

बडवलं नाही. त्यांनी लिहिलं: चांगलं आहे. आपल्याला झेपत नाही.

तिसरं मिंट, त्यातही एक्सएफसीई नावाची हलकी आवृत्ती. दिसायला साधं. बाईंनी खालची पट्टी उचलून डाव्या कडेला नेली. शिफ्ट धरून ठेवायला दुसरा हात नाही, म्हणून एकदा दाबली की धरलेली राहील अशी सोय शोधून चालू केली. मोजणीदारांनी बोट टेकवलं. अक्षर आलं. दुसरं आलं. ते पुन्हापुन्हा दाबत राहिले, दाव्यातला बांध तपासावा तसे.

हे ठेव, त्यांनी लिहिलं.

ठेवायचं म्हणजे जुनं पुसायचं. अडीच वर्षांचं त्यांचं सगळं बोलणं त्यातच होतं. बाईंनी ते दोन जागी उतरवून घेतलं, प्रत्येक फाइल उघडून पाहिली, तरी पडद्यावर "डिस्क पुसून टाकायची का?" आलं तेव्हा त्या कळेवर बोट ठेवून थांबल्या. नणंद मागून म्हणाली, "काही गेलं तर त्याचं बोलणं पुन्हा कुठून..." आणि थांबली.

मोजणीदारांनी डाव्या हाताने बाईंचा हात बाजूला केला आणि स्वतः कळ दाबली.

वीस मिनिटं कुणी खुर्चीवरून हललं नाही. मग यंत्र पुन्हा सुरू झालं. बाईंनी घड्याळ पाहिलंसुद्धा नाही. मोजणीदारांनी बहिणीला खुणेने जवळ बोलावलं आणि सावकाश लिहिलं:

तिला बोलू नकोस. मी रोज बडवायचो. कुणालाही कळलं नसतं.

नणंदेने दोनदा वाचलं. "चुकलं, वहिनी," एवढंच म्हणाली आणि पाणी आणायच्या निमित्ताने आत गेली.

त्याच संध्याकाळी बाईंनी खुर्चीच्या डाव्या हाताला दारावरच्या घंटीसारखी एक घंटी बसवली. तीनदा वाजली की हातातलं टाकून धावायचं, असं ठरलं. मोजणीदारांनी आधी नाक मुरडलं. मग पाचव्या मिनिटाला ती तीनदा वाजवून बघितली. बाई धापा टाकत आल्या. पडद्यावर लिहिलं होतं: नऊ सेकंद. बरं आहे.