तोमिएकाकूंचा वाडगा

जपानमधल्या कानाझावातले आमचे शेजारी सेइजिरोकाका चाळीस वर्षं फुटकी भांडी सांधत होते. चीर लपवायची नाही, सोन्यानं उजळायची, हेच त्यांचं काम. त्यांच्या पत्नी तोमिएकाकूंना विसर पडू लागला आणि एकदा त्यांच्या हातून स्वतःचा भाताचा वाडगा फुटला. काकांनी झाडाच्या चिकानं तो जोडला, वाळू दिला, वर सोनं भरलं. त्यात तीन महिने गेले.

"हा कोणाचा?" काकूंनी विचारलं.

"अगं, तुझाच."

"माझा साधा होता. तोच द्या ना."

दोन दिवस त्या जेवल्याच नाहीत. शेवटी काकांनी बाजारातून साधा वाडगा आणला.

"सापडला बाई एकदाचा," म्हणत काकू जेवल्या.

 त्यानंतर काका कामाला कधी बसलेच नाहीत.