व्हाइटनरखालचा आकडा

उन्हाळी सुट्टीत संशोधन शिकायला आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत आलेल्या, इथल्याच दुसऱ्या वर्षाच्या गार्गीची वही मी उघडली आणि माझं डोकंच फिरलं. तिसऱ्या ओळीतल्या आकड्यावर व्हाइटनरचा जाड थर होता आणि त्यावर सुबक अक्षरात दुसराच आकडा.

“हे काय?”

“मॅडम, रीडिंग चुकीचं आलं होतं. बाकीच्यांशी जुळत नव्हतं.”

रीडिंग चुकीचं येतं म्हणजे काय? काटा जिथे थांबला तिथे थांबला! पण तिच्यावर तरी काय चिडायचं? मुलांना आधी उत्तर सांगायचं आणि मग म्हणायचं, करा प्रयोग. जर्नल स्वच्छ हवं, आलेख सरळ हवा, एखादा बिंदू रेषेबाहेर गेला की मार्क गेले. कदाचित त्या एका बिंदूपाशीच काहीतरी नवं सापडलं असतं, आणि नेमका तोच पुसायला शिकवतात. कोण आहेत हे शिक्षक?

मी नखाने तो थर खरवडू लागले. खालचा आकडा काही दिसला नाही, कागद मात्र फाटला.

“सॉरी मॅडम,” गार्गी हळूच म्हणाली, “पण गेल्या वर्षी प्रॅक्टिकलला माझं असंच झालं होतं, तेव्हा तुम्हीच म्हणाला होतात, जुळवून आण.”