देवरावांचा पाचोळा

देवराव निवृत्त झाले आणि महिन्याभरात कोराडीच्या बसथांब्यावर बातमी फुटली, की त्यांनी रामटेककडे दुसरं घर केलं आहे. बातमी फोडणारे भैय्याजी. थांब्यावर त्यांची चहाची टपरी आहे आणि कॉलनीतल्या सगळ्यांच्या अब्रूची देखरेखही तिथूनच चालते. पुरावा भक्कम होता. माणूस सकाळच्या बसनं डबा घेऊन जायचा आणि संध्याकाळी कपड्यांना माती, तोंडावर समाधान घेऊन परतायचा. लग्नाच्या बायकोकडून एवढं समाधान मिळतच नाही, असं भैय्याजींचं मत. पुढे कळलं की तिकडे बाई नाही, झाडं आहेत. भैय्याजी बरेच दिवस खट्टू होते.

देवरावांची सगळी नोकरी वीज केंद्रात कोळशाजवळ गेली. वॅगन रिकाम्या करायच्या, पट्ट्यावर कोळसा अडकला की मोकळा करायचा. घरी आले की बायको, सिंधूताई, त्यांना आधी मोरीत उभं करायच्या, तरी उशीचे अभ्रे काळेच. कॉलेजात जाणारी मुलगी रितिका एकदा जेवताना म्हणाली, "बाबा, कोळसा म्हंजे जुनं जंगलच. झाडांनी हवेतला कार्बन ओढून अंगात भरला, झाडं जमिनीत दबली, त्याले कोट्यवधी वर्षं लागली. तुमी तो एका पाळीत वर सोडून राहिले."

"मी एकटाच सोडून राहिलो का वं? तुहा पंखा कशावर फिरते मंग?"

पोरगी हसली, विसरली. देवराव विसरले नाहीत. माणसाला कोणती गोष्ट कुठं टोचेल, काही सांगता येत नाही.

रामटेकजवळ सिंधूताईंच्या माहेरची मुरमाड जमीन होती. खाली भाऊ रुपरावच्या धानाच्या बांध्या, वर जंगल, मधे हा तुकडा बहिणीच्या वाट्याचा. कडेला त्यांच्या आईच्या हातची मोहाची दोन झाडं. बाकी सगळं उघडं. निवृत्तीच्या आधीपासूनच सुट्टी मिळाली की देवराव तिथं करंज, आवळा, कडुनिंब, शिसम लावत सुटले होते. झाड हवेतलं ओढतं, पान गळतं, पान कुजून माती होते आणि मातीत ते पुष्कळ काळ टिकतं, हे त्यांनी रितिकाकडून पक्कं करून घेतलं. मग पान जाळणं त्यांना सहनच होईना. कॉलनीत माघापासून चैत्रापर्यंत झाडलोट करून ढीग पेटवतात. देवराव पेटायच्या आधी पोत्यांत भरायचे आणि बसमधून रामटेकला न्यायचे.

"देवराव, पाचोळ्याची तिकीट काढली का गा?" भैय्याजी विचारत.

"सीटवर थोडाच बसते तो."

"नाही म्हटलं, वहिनी उभ्या रायतात आणि पोतं बसते."

लोक हसत. पण त्या मुरमावर खरंच वितीएवढा थर बसला. देवराव त्यात कोपरापर्यंत हात घालायचे, खालची काळी, दमट माती वर काढून नाकाशी धरायचे. पाहुण्यालाही हुंगायला लावायचे. "हे इथंच रायते," म्हणायचे. "वर नाही जात."

मागच्या पावसाळ्यानंतर त्यांची छाती बोलायला लागली. डॉक्टरांनी फोटो काढला, कोळशाच्या धुळीनं फुप्फुसं चिवट झालीत म्हणाले. खणणं बंद, ओझं बंद. देवराव त्या दिवशी टपरीवर थांबलेच नाहीत. सिंधूताईंना एवढंच म्हणाले, "जेवढं लागलं तेवढंच आता. पुन्हा लावणं माह्याकडून होत नाही. हे जगलं पाहिजे."

आता मोहाची गोष्ट सांगतो, कारण पुढचं सगळं तिथून झालं. चैत्रात मोहाची फुलं पहाटे टपटप गळतात. पाचोळ्यात पडली तर दिसत नाहीत, म्हणून तिकडचे लोक आदल्या दिवशी झाडाखालचा पाला जाळून जमीन साफ करून ठेवतात. आधी भोवती झाडून गोल पट्टा करायचा. आग पट्ट्यापाशी येते आणि विझते. सिंधूताईंच्या आईनं जन्मभर असंच केलं. लग्नानंतर देवरावांनी त्यात कधी तोंड घातलं नाही, पण रान उभं राहिलं तसं त्यांनी माचिसच बंद केली. सिंधूताई कुरकुरत हातानं झाडत.

यंदा त्यांच्या गुडघ्यांनी साथ सोडली. त्या दुपारी देवराव पाण्याच्या पाइपाचं बघायला खाली रुपरावकडे गेले होते. सिंधूताईंनी बसत-उठत पट्टा झाडला, आईसारखाच, हातभर रुंद, आणि काडी लावली. पाला भुरकन पेटला, पट्ट्यापाशी आला, विझला. त्या निवांत सावलीत बसल्या. नवऱ्याला सांगायचं, की पाला हातानंच झाडला. पुरुषाला सगळंच सांगायचं नसतं.

थोड्या वेळानं पट्ट्याच्या पलीकडे, जिथं कुणी काडी लावली नव्हती तिथं, धुराची दोरी उभी राहिली.

आईच्या काळी खाली कोरडा मुरूम होता. आता पट्टा झाडला तरी फक्त वरची पानं हलली होती. खाली देवरावांनी वर्षानुवर्षं साठवलेला अर्धवट कुजका थर होता, चैत्रात वाळून भुसा झालेला. आग त्याच्या आतून गेली, गोवरी धुमसते तशी, ज्वाळा न दाखवता. सिंधूताईंनी एका जागी पाय आपटून विझवली तर ती दुसरीकडे निघाली. मग वारा सुटला.

देवराव आणि रुपराव धावत वर आले तेव्हा आवळे पेटले होते. देवरावांनी कडुनिंबाची फांदी तोडली आणि झोडपायला लागले. झोडपलं की ठिणग्या उडून पुढचा पाला धरायचा. मग त्यांनी फांदी टाकली, गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी पाला मागे ओढू लागले. ज्या थरावर कुणाला चप्पल घालून येऊ देत नव्हते, तो ते ओरबाडून फेकत होते, मुरूम लागेपर्यंत. मुरूम लागायच्या आत आग हातांखालून पुढे गेलेली असायची.

रुपरावनं त्यांना काखेत धरून ओढलं. "भाऊजी, मागं व्हा जी. झाडं पुन्हा लावू."

"कोण लावीन? या छातीनं?"

पुढे खोकल्यानं बोलू दिलं नाही.

शिसम शेवटी गेले. धूर सरळ वर चढला, रामाच्या टेकडीवरूनही दिसला म्हणतात. देवराव मान वर करून बघत बसले. नोकरीत चिमणीकडे बघायची वेळ त्यांच्यावर आली नव्हती. ते नेहमी खाली, कोळशाजवळ असायचे.

"सगळं वर गेलं," ते म्हणाले.

"मी लावली," सिंधूताई म्हणाल्या. "मोहाखाली. पट्टा झाडला होता जी."

"दिसला मले पट्टा."

"मंग बोला ना काही. शिव्या द्या."

त्यांनी दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं सिंधूताई अजून म्हणतात.

सकाळी दोघं पुन्हा वर गेले. मोहांची साल जाड, त्यांना काही झालं नव्हतं. काळ्या जमिनीवर फुलं पडली होती, पिवळट, रसरशीत, एकेक लांबून दिसत होतं. आईच्या वेळीही इतकी स्वच्छ जमीन कधी झाली नसेल. सिंधूताई टोपली धरून उभ्याच.

"उचल वं," देवराव म्हणाले. "पायाखाली येऊन राहिले."

"मी नाही हात लावत."

देवराव खाली बसले आणि भाजलेल्या बोटांनी वेचू लागले. त्यांना वेचता येत नव्हतं. राखेसकट उचलायचे, फुंकायचे, खोकायचे, टोपलीत टाकायचे. टोपली भरेपर्यंत उठले नाहीत.

कोराडीला उतरले तर भैय्याजींपर्यंत बातमी पोचलेली. "कसं झालं गा, देवराव?"

"गुराख्याची बिडी," देवराव म्हणाले.

"बिडी नाही," सिंधूताई म्हणाल्या. "मी."

भैय्याजींनी दोघांपुढे चहा ठेवला. एवढा ऐवज हाती लागूनही त्या दिवशी ते पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले.

थांब्यामागे झाडलोटीचा ढीग नुकताच पेटवला होता. एरवी देवराव भांडायला उठले असते. आज ते कप हातात धरून बघत राहिले. सिंधूताई उठल्या, टपरीची बादली उचलून ढिगावर रिकामी केली आणि पिशवी उघडून ओली, अर्धी जळकी पानं त्यात कोंबू लागल्या.

"राहू दे वं," देवराव म्हणाले. "ठेवशील कुठं?"

ते सिंधूताईंनाही ठाऊक नव्हतं. त्या कोंबत राहिल्या.