पडताळणीविना अकरा दिवस

रोहिणीताई गेल्याची बातमी आली तेव्हा माझा फोन टेबलावर पालथा पडला होता. अंधेरीच्या आमच्या ऑफिसात एका सर्व्हरचं दुसऱ्याशी जमत नव्हतं आणि मी ते सोडवत बसलो होतो. पाऊण तासाने काम झालं, फोन उचलला, तर ताईंच्याच नंबरवरून त्यांच्या यजमानांचा, सुधीर भाऊजींचा, दोन ओळींचा मेसेज. पाऊण तास ताई या जगात नव्हत्या आणि मी त्यांनीच शिकवलेलं काम करत होतो... याला आता दीड महिना झाला.

मी वाशिम जिल्ह्यातल्या एका लहान गावचा. वडील बाजार समितीत हमाली करत; घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिलाच. गोवंडीला मामांकडे राहून नोकरी सुरू केली तेव्हा रोहिणीताई आमच्या चौघांच्या गटाच्या प्रमुख होत्या. गिरणी कामगाराची मुलगी, माहेर मालवणकडचं, घर नाहूरला. पहिल्या दिवशी मी प्रत्येक वाक्याला ‘येस मॅडम’ म्हणत होतो. ‘मॅडम काय रे, ताई म्हण,’ त्या म्हणाल्या. ‘आणि कळलं नसेल तर कळलं म्हणू नको. बाकी काय गोंधळ घालशील तो बघून घेऊ.’ स्क्रीनवर एरर आली की ती त्या मोठ्याने वाचायला लावत. माझं इंग्रजी अडखळायचं. शेजारच्या एकाला हसू आलं, तर ताई शांतपणे त्याला म्हणाल्या, ‘तू छान वाचतोस वाटतं. ये, पुढची ओळ तू वाच.’ नंतर कुणी हसलं नाही.

आमचा सर्व्हर दर पाच मिनिटांनी एका रुग्णालयाच्या सर्व्हरकडून रक्ततपासणीचे अहवाल घेऊन ते डॉक्टरांपर्यंत पोचवायचा. ही देवाणघेवाण कुलूपबंद असते, वाटेत कुणाला ती वाचता येत नाही. पण कुलूप लागण्याआधी समोरच्याने सर्टिफिकेट दाखवून आपली ओळख पटवावी लागते. एका सोमवारी रुग्णालयाने जुनं सर्टिफिकेट काढून नवं बसवलं आणि अहवाल थांबले. ताई रजेवर होत्या. रुग्णालयाच्या प्रयोगशाळेतून फोनवर फोन येत होते. माझ्या लॅपटॉपवर ते सर्टिफिकेट व्यवस्थित दिसत होतं, सर्व्हर मात्र ते नाकारत होता. शेवटी मी सेटिंगच्या फाइलीत एक ओळ बदलली आणि ओळख तपासणंच बंद केलं. अहवाल धडाधड यायला लागले. मॅनेजर म्हणाले, ‘झकास.’ उद्या नीट करू, असं मी मनाशी ठरवलं आणि अकरा दिवस काढले. कुलूप होतं, पण दारात कोण उभं आहे हे विचारणारं कुणी नव्हतं. कुणीही रुग्णालयाचं नाव सांगून खोटे अहवाल आत सरकवू शकलं असतं, एखाद्याचा रक्तगट बदलू शकलं असतं. हे मला माहीत होतं. रोज सकाळी ऑफिसात शिरताना ती ओळ आठवायची, आणि रोज मी गप्प बसायचो.

बाराव्या दिवशी, रजेवरून परतलेल्या ताईंनी मला टेबलाशी बोलावलं. स्क्रीनवर तीच ओळ होती. ‘ही कुणी लिहिली?’

‘मी.’

‘कधीपासून आहे?’ मी सांगितलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. ‘आधी हे सरळ करू,’ एवढंच म्हणाल्या, आणि माझ्याच हाताने तपासणी पुन्हा सुरू करायला लावली. अहवाल त्या क्षणी थांबले. अकरा वाजले होते.

पाच मिनिटांत प्रयोगशाळेचा फोन. एका पेशंटला ऑपरेशनला न्यायचं होतं, डॉक्टर अहवाल मागत होते. ‘फोनवर वाचून दाखवा, आणि माणसाच्या हाती कागदही पाठवा,’ ताईंनी सांगितलं. ‘तोवर आमच्या भरवशावर राहू नका.’ मग माझ्याकडे वळल्या. ‘वाच. सर्टिफिकेट कुणाचं, दिलंय कुणी?’ मी वाचलं. ‘ही देणारी संस्था खरी, हे आपल्या सर्व्हरला कुणी सांगितलं?’ मी स्क्रीनवर खालीवर शोधू लागलो. ताई म्हणाल्या, ‘तुझी जात पडताळणी झाली ना? फाइलीत काय काय लावलं होतंस?’

‘माझा शाळेचा दाखला. गावच्या जुन्या कोतवाल बुकातला आजोबांच्या जन्मनोंदीचा उतारा.’

‘आणि वडिलांचा?’

‘ते शाळेतच गेले नाहीत. म्हणून तर फाइल परत आली होती. मग चुलत्यांचा दाखला जोडला.’

‘मग इथला मधला कागद कुठाय?’

वडील शाळेत गेले नाहीत हे सांगायला मला एरवी लाज वाटायची. त्या दिवशी वाटायला वेळच नव्हता. रुग्णालयाचं स्वतःचं सर्टिफिकेट आलं होतं, सगळ्यात वरच्या संस्थेचं आमच्या सर्व्हरकडे आधीपासून होतं, दोघांना जोडणारं मधलं मात्र रुग्णालयाने पाठवलंच नव्हतं. माझ्या लॅपटॉपने ते पूर्वी दुसऱ्या कुठल्यातरी साइटवरून उचलून ठेवलं होतं, म्हणून तिथे सगळं आलबेल दिसत होतं. रुग्णालयाच्या माणसांना फोनवर समजावून ते जोडून घेईपर्यंत पावणेदोन झाले. पहिला अहवाल आला, ओळख पटवून आला. ताई तेव्हा कुठे पाणी प्यायल्या.

पण खरी कसोटी पुढे होती. दुपारी मॅनेजरनी रुग्णालयाला पाठवायचं पत्र तयार केलं. मधलं सर्टिफिकेट न जोडणं ही रुग्णालयाची चूक, त्यामुळे अहवाल थांबले, असं त्यात होतं. त्यातला शब्द न् शब्द खरा होता. त्या अकरा दिवसांचा उल्लेख नव्हता, कारण ते फक्त मला आणि ताईंना माहीत होते. तीन आठवड्यांनी मी नोकरीत कायम होणार होतो. गावाकडे धाकटी बहीण माझ्या जोरावर नर्सिंग शिकत होती. जिन्यात मी ताईंना गाठलं. ‘ताई, तुम्ही सांगणार का?’

‘हात तुझे होते ना? मग मी काय सांगू?’

‘नोकरी गेली तर?’

‘जाईलही. खोटा धीर नाही देणार मी तुला.’

‘मग गप्प राहू?’

‘ते मला नको विचारूस,’ म्हणाल्या आणि खाली निघून गेल्या. मला त्यांचा फार राग आला. निदान ‘सांग’ म्हणायचं, किंवा ‘गप्प बस’ म्हणायचं... कितीतरी वेळ मी जागेवर नुसता बसून होतो. मग उठलो, केबिनमध्ये गेलो आणि सगळं सांगितलं. मॅनेजरनी तयार पत्र बाजूला सारलं. मग पत्र नव्याने लिहिलं गेलं. रुग्णालयाने अकरा दिवसांचे अहवाल आपल्या नोंदींशी ताडून पाहिले, सुदैवाने एकही खोटा निघाला नाही. माझं कायम होणं सहा महिने पुढे गेलं, पण नोकरी राहिली. ताई म्हणाल्या, ‘चल, चहा घे.’ तो विषय त्यांनी पुन्हा कधी काढला नाही, आणि त्या दिवशी त्यांनी मला एकटं सोडलं, हा सल माझ्या मनात कुठेतरी राहिला. एवढं ऋण असूनही राहिला.

गेल्या रविवारी नाहूरला गेलो. भाऊजींनी गॅलरीत बसवलं. नाव सांगितल्यावर म्हणाले, ‘म्हणजे तू तो, अकरा दिवसवाला.’ मी मान खाली घातली. ‘अरे, त्या दिवशी चार वाजता फोन आला तिचा. खालच्या जिन्यात बसून रडत होती. म्हणाली, पाचपर्यंत थांबते, तो नाही बोलला तर मलाच सांगावं लागणार, आणि माझ्याकडून कळलं तर त्याला कुणी ठेवणार नाही. फोन ठेवेचना. मला सारखी वेळ सांगत होती. सव्वाचार झाले हो... साडेचार झाले...’

भाऊजी थांबले. केबिनचं दार ढकलण्याआधी मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं होतं, ते मला लख्ख आठवत होतं. पाचला सात मिनिटं कमी होती.