समुद्र कोणत्या बाजूला

गेल्या मार्चमध्ये, प्रदर्शनाला तीन दिवस उरले असताना, नूकम्मा नावाच्या सत्तरीच्या बाई आमच्या ऑफिसात आल्या. भिंतीवरचा फोटो आपल्या गावाचा नाही, असं त्यांनी सांगितलं.

अफझलगंजमधल्या एका खासगी संग्रहात मी जुने फोटो स्कॅन करण्याचं काम पाहतो. आंध्र किनाऱ्यावरच्या एका तालुक्याच्या काचेच्या निगेटिव्ह आमच्याकडे आल्या होत्या; प्रदर्शन त्यांचंच होतं. नूकम्मांचं गाव वादळात वाहून गेलेलं. आईचा एकही फोटो त्यांच्याकडे नव्हता. तो मिळेल म्हणून जवळच्याच गौलीगुड्याहून मुलाच्या स्कूटरवर बसून आल्या होत्या.

फोटोत तीन बायका जाळी विणत बसलेल्या. मागे दीपगृह. काचेच्या पाकिटावर गावाचं नाव होतं. ते मी दाखवलं.

"नाव असू दे," त्या तेलुगूत म्हणाल्या. "दीपगृह गावाच्या उत्तरेला. म्हणजे समुद्र उजव्या हाताला पाहिजे. तुम्ही डावीकडे आणून ठेवलाय. आणि तिघींचे पदर उजव्या खांद्यावर कसे?"

पदर मी आधीच पाहिले होते. कोळणींची तशी पद्धत असेल, असं धरून चाललो होतो. आमचं घराणं नांदेडकडचं.

काचेच्या निगेटिव्हची एक बाजू चकचकीत असते. दुसरी निस्तेज, चित्राचा थर तिच्यावर. स्कॅनरवर काच पालथी पडली तर चित्र आरशातल्यासारखं उलटं येतं, पण अगदी स्वच्छ. फोटोत एखादी पाटी असेल तर चूक लगेच कळते. वाळूवर अक्षरं नसतात.

स्कॅनर सलीमभाई चालवतात. त्यांना बोलावलं.

"साब, मैं समंदर कब देखा? हुसेनसागरच देखा. उसमें चारों तरफ पानीच."

"काच बघून ठेवली होती का?"

"हौ. चमकता बाजू ऊपर. नक्को था क्या?"

नको होतं. पण तपासणीच्या रकान्यात सही माझी होती.

काच पुन्हा स्कॅन केली. समुद्र उजवीकडे गेला. नूकम्मांनी चष्मा पुसला, स्क्रीनजवळ आल्या आणि उजवीकडच्या बाईवर बोट ठेवलं.

"अम्मा."

"नाव लगेच छापता येणार नाही," आमच्या प्रमुख विजया मॅडम म्हणाल्या. "संग्रहाचा नियम आहे. दोघांनी वेगवेगळं ओळखायला हवं."

"मी तिची मुलगी आहे," नूकम्मा म्हणाल्या.

"म्हणूनच, अम्मा. तुम्हाला ती दिसावी असंच वाटणार."

नूकम्मांचे थोरले भाऊ विशाखापट्टणमला असतात. त्यांचा नंबर घेतला. त्यांनी भावाला आधी काही सांगू नये म्हणून नूकम्मांचा फोन मॅडमनी टेबलावर ठेवून घेतला. मी फोटो पाठवला आणि एवढंच विचारलं: यात कुणी ओळखीचं आहे का?

पंधरा मिनिटं काही आलं नाही. सलीमभाईंनी चहा मागवला. नूकम्मांनी घेतला नाही.

मग व्हॉइस मेसेज आला. मॅडमनी स्पीकर लावला.

"उजवीकडची आमची अम्मा. हा फोटो तुम्हाला कुणी दिला?"

त्या खोक्यातल्या सगळ्या काचा आम्ही दोन दिवसांत पुन्हा तपासल्या. आणखी आठ उलट्या निघाल्या. प्रदर्शनात त्या सुलट्या लागल्या. 'जाळी विणणाऱ्या तीन स्त्रिया' ही ओळ बदलली. आता तिथे लिहिलं आहे: उजवीकडून पहिली, सिंहाचलम्मा. इतर दोघींची नावं उपलब्ध नाहीत.