दारात येण्याआधी

आमच्या रामदासपेठेतल्या कचेरीत ते टायपिस्ट होते. कुठल्याही दारातून आत येण्याआधी ते मोठ्यानं खाकरत, जरा थांबत आणि मगच पाऊल टाकत. खोली रिकामी असली तरीही. आम्हाला ती त्यांची अदब वाटायची. "बापाची सवय लागली मले," असं म्हणून ते हसत.

उन्हाळ्यात भाचीच्या लग्नाला ते गावी गेले. तिथं म्हाताऱ्या आत्यानं त्यांना सांगितलं, की त्यांच्या आजोबांना गावच्या गल्लीत शिरताना असंच खाकरावं लागे. त्यांची सावली अंगावर पडू नये म्हणून लोक तेवढ्यात बाजूला होत. डबा खाताखाता, भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तितक्या सहज त्यांनी हे मला सांगितलं. त्या दिवसापासून त्यांचं खाकरणं थांबलं.

एका दुपारी मी सहज मान वर केली, तर ते आमच्या खोलीच्या दारात उभे होते. आमचा चहा पिऊन झाला होता, गप्पाही संपत आल्या होत्या. केव्हापासून उभे होते, कोण जाणे.

"अहो, आवाज तरी द्यायचा!" मी म्हणालो.

"नाही देत आता," ते म्हणाले. "बिना आवाजाचा मी कोणाले दिसतो का, ते पाहून राहिलो."