लिंबू, सोडा आणि माझी नणंद

माझ्या धाकट्या नणंदेइतकी हट्टी बाई निपाणीपासून बेळगावपर्यंत दुसरी सापडायची नाही. तंबाखूच्या वखारीत उभा जन्म गेला. तव्यावर भाजलेली मिशेरी दातांना लावल्याशिवाय सकाळचा चहा तिच्या घशाखाली उतरत नसे. डॉक्टरनं मिशेरी बंद करा म्हटलं, की ती डॉक्टर बदलायची. बसमध्ये शेजारच्या अनोळखी बाईपुढंही डबी धरायची, आणि ती नको म्हणाली तर चिकोडी येईपर्यंत तिच्याकडं पाठ करून बसायची.

अशा बाईला तिची नात म्हणाली, "आज्जी, माझ्या लग्नाच्या फोटोत तोंड मिटून बस हं. सासरची माणसं बेळगावची आहेत." त्या पोरीच्या मुस्कटात द्यायला माझा हात शिवशिवला. ज्या तंबाखूनं आजीचे दात काळे केले, त्याच तंबाखूवर ही शिकली! नणंद मात्र भांडली नाही. मोबाइलवर कुणा हसऱ्या बाईचं बघून लिंबाच्या रसात खायचा सोडा कालवला आणि सकाळ-संध्याकाळ, कढई घासावी तशी दात घासू लागली. आणि पुढची अक्कल ऐका. दात ठणकायला लागले, की ठणका मरावा म्हणून वरून मिशेरी!

"अगं बये, पांढरं करतीस का काळं?" मी ओरडले.

"वैनी, लिंबू दातास्नी, मिशेरी दुखण्याला. दोन्ही येगळं हाय न्हवं?"

"व्हय, आन् तोंडं दोन हाईत तुला!"

"तुमास्नी माझ्या नातीचं लगीन बघवंना."

लग्न तोंडावर आलं तेव्हा तिला गार पाणी सोसेना. मीच तिला ओढत दाताच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. त्या म्हणाल्या, "आंबटानं आणि घासण्यानं दाताचं वरचं कवच झिजलंय. ते परत येत नाही. आतला भाग पिवळाच असतो, तोच आता दिसतोय. आधी आला असतात तर डाग आम्हीच साफ करून दिले असते." बाहेर आल्यावर भर रस्त्यात मी तिला शिव्या घातल्या. मोबाइलवाल्या बाईला घातल्या, नातीला घातल्या. ती गालाला पदर लावून ऐकत होती. मिशेरी तेवढी सुटली, तीही भीतीनं.

लग्नात ती तोंड मिटूनच बसली. फोटो छान आलाय म्हणे. मी बघितला नाही.

उन्हाळ्यात आमच्या घरी सगळे माठातलं पाणी पितात. तिचा तांब्या मी अंगणात उन्हात ठेवते, तोंडानं बडबडत. दुपारी ती येते, कोमट घोट घेते आणि म्हणते, "वैनी, माठाची चव लई आठवती बघा." ती उठून जाईपर्यंत मीही माठाला हात लावत नाही.